एकाच खड्ड्याला एकच नंबर

आई, नगरपालिकेच्या ज्या व्हरांड्यात तू सकाळी हजेरीसाठी उभी राहायचीस, त्याच्या मागच्या खोलीत आता मी बसतो. तुझ्या जागी मला घेतलं तेव्हा कागदावर शिपाई म्हणूनच घेतलं, पण माझं अक्षर बघून साहेबांनी तक्रारीच्या टेबलावर बसवलं. तू जाऊन अकरा वर्षं झाली. त्यातली दहा मी त्या एका खुर्चीत काढली. लोक फोन करतात. रस्ता फुटला, नाली तुंबली, खांबावरचा दिवा लागत नाही. मी ऐकतो, वहीत लिहून घेतो, मग कॉम्प्युटरवर चढवतो आणि त्यांना एक नंबर देतो. या हिंदी मुलखात हे सगळं हिंदीतच चालतं. तुला मात्र मराठीतच लिहायला हवं, कारण ही भाषा मी शाळेत शिकलोच नाही, तुझी पत्रं लिहितानाच शिकलो. तू तांदूळ निवडत बसायचीस आणि मामाला काय लिहायचं ते सांगायचीस. "लिही, आमी सारे मजेत हाओ." मी 'आम्ही सर्व मजेत आहोत' असं लिहायचो. तू विचारायचीस, "मी म्हनलं तेच लिहिलं ना?" मी म्हणायचो, तेच, पण शुद्ध. "शुद्ध लिहिलं तं माह्या भावाले समजन का?" असं म्हणून तूच हसायचीस. मग एकदा नागपूरहून येताना माझ्यासाठी शब्दकोश घेऊन आलीस. दुकानदाराला म्हणे तू सांगितलंस, जो सगळ्यात जाडा असेल तो द्या. अकरावीत मी दोनदा नापास झालो, शाळा सुटली, पण तो शब्दकोश अजून माझ्या उशाशी आहे.

रस्ते दुरुस्तीचं तुझं काम मी फार वेळा पाहिलेलं नाही, पण तू ते जेवताना सांगायचीस. रॉकेलनं हात घासूनच तू परातीला हात लावायचीस, तरी नखांच्या कडांना डांबर राहायचंच. तू म्हणायचीस, खड्डा आधी चौकोनी कापायचा, आतली माती झाडून काढायची, तो कोरडा खडखडीत झाला की पातळ डांबर फिरवायचं आणि मग खडी टाकून दाबायची. ओल्यात भरलेला खड्डा पायाला कळतो म्हणायचीस, चप्पल काढून उभं राहिलं की खालून पोकळ लागतो. मी विचारायचो, मग ओल्यात भरतात कशाला? "साहेबाले फोटो पाहिजे राहते, रस्ता नाही," असं तू म्हणायचीस. तेव्हा फोटो काढायला छायाचित्रकार बोलवावा लागायचा. आता ठेकेदाराचा माणूस खिशातून मोबाइल काढतो, फोटो चढवतो आणि माझ्यासमोर त्या नंबरापुढे 'निराकृत' असं हिरव्या अक्षरांत उमटतं. म्हणजे काम झालं. तो नंबर बाकी कामांच्या यादीतून निघून जातो आणि साहेब तीच यादी बघतात, दुसरी नाही.

मी टापटिपीचा आहे हे तुला माहीत आहे. त्यावरून तू एकदा मला बोलली होतीस. मी पंधरा वर्षांचा असेन, तुला ताप होता, खाटेवरून तू पाणी मागत होतीस आणि मी फळीवरचे डबे लहानमोठे लावत होतो, एवढे लावून देतो असं म्हणत. तिसऱ्या हाकेला तू उठून बसलीस. "मी इथं पान्यासाठी मरून राहिली अन् हा पोट्टा डबे लावून राहिला! काहून रे, डबे पानी मागून राहिले का?" मी रडलो होतो. मग पाणी पिऊन तूच म्हणालीस की डबे मात्र छान लावलेस.

तर त्या टेबलावरही मी डबेच लावत होतो. लोक एकाच खड्ड्यासाठी दहा-दहा फोन करतात, दर फोनला नवा नंबर दिला की यादी फुगते आणि एकच जागा दहा ठिकाणी दिसते. मला ते बघवत नसे. म्हणून मी माझा एक नियम केला, एकाच खड्ड्याला एकच नंबर. पुढचा फोन आला की माझ्या वहीत त्याच नंबराखाली बारीक अक्षरात तारीख आणि वेळ लिहायची. कॉम्प्युटरवर पुन्हा काही चढवायचं नाही. खरा नियम असा आहे की काम झाल्याची नोंद पडल्यावर तक्रार आली, तर ती नवी धरायची. तो मला माहीत होता. पण इंजिनिअर साहेब माझी यादी बघून सगळ्यांसमोर म्हणायचे, "इसके टेबल पे कचरा नहीं रहता, सीखो इससे," आणि मला त्या दिवशी जेवण गोड लागायचं.

सदर बाजाराच्या मागे जुन्या वस्तीत एक गल्ली आहे, तिथल्या एका वयस्कर माणसाचा फोन आला. पाइपासाठी वळणावर आडवा चर खणला होता आणि तो नुसता मातीनं बुजवला होता. माझ्या हिंदीवरून त्यांनी ओळखलं. "मराठी का तुम्ही? वा, वा. मग आता सविस्तर सांगतो." त्यांचं मराठी जुन्या घरातलं, माझ्याहून चांगलं. मी त्यांना काका म्हणू लागलो. मी नंबर दिला, आठ दिवसांनी फोटो आला, तक्रार निराकृत झाली. आई, तो फोटो मी मोठा करून पाहिला होता. चराची कड ओली होती. तुला एका नजरेत कळलं असतं आणि मलाही कळलं. पण फोटो तपासणं माझं काम नाही, असं मी मनाशी म्हटलं आणि पुढचा उघडला.

पहिल्या मोठ्या पावसात चर खचला. काकांचा फोन आला, मी वहीत त्याच नंबराखाली लिहिलं आणि म्हणालो, लिहून घेतलं काका. ते खोटं नव्हतं. चार दिवसांनी पुन्हा. "अहो, तिथे गुडघाभर पाणी साचतं, खड्डा दिसतच नाही. माझी सून रोज त्याच वळणावरून स्कूटीनं शाळेत शिकवायला जाते." मी म्हणालो, तुमची तक्रार आमच्याकडे आहे. असे सात फोन माझ्या वहीत आहेत, वेळेसकट. सातही एका बंद झालेल्या नंबराखाली, जिथे माझ्याशिवाय कुणी बघत नाही. ते दर वेळी मला धन्यवाद म्हणून फोन ठेवायचे.

सून तिथेच पडली. सकाळी शाळेला जाताना. डोकं नालीच्या कठड्यावर आपटलं आणि तिसऱ्या दिवशी दवाखान्यात ती गेली. मला हे वर्तमानपत्रातून कळलं. गल्लीचं नाव वाचून मी आधी वही काढली, बातमी पुरी वाचली ती नंतर.

चौकशी लागली. इंजिनिअर साहेबांनी मला बोलावलं, दार लावलं, खुर्ची दिली. त्यांनी मला कधी खुर्ची दिलेली नव्हती. म्हणाले, "देख भाई, रिकॉर्ड में एक ही शिकायत है और वो निराकृत है. तूने तो हम सबको बचा लिया." मी म्हणालो, साहेब, फोन सात वेळा आला होता. त्यांनी विचारलं, "कहाँ लिखा है?" मी म्हणालो, माझ्या वहीत. "वो डायरी तेरी अपनी है ना? सरकारी थोड़ी है. घर ले जा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "सात बोलेगा तो पहले तू ही जाएगा. नियम तूने तोड़ा है, हमने नहीं. तेरी माँ की नौकरी है वो, सोच ले." शेवटचं वाक्य त्यांनी प्रेमानं म्हटलं. वही मी घरी आणली.

परवा काका आले. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. धुतलेला सदरा, हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात कागद. टेबलाजवळ येऊन त्यांनी आवाजावरून मला ओळखलं आणि म्हणाले, "तुम्हीच ना ते? मला माझ्या तक्रारींची नक्कल हवी आहे. सगळ्या. मुलगा म्हणतो, बाबा, तुम्ही वेळेवर सांगितलं असतं तर. मी त्याला म्हटलं, अरे, मी सात-आठदा सांगितलं." मागच्या टेबलावर साहेबांचा माणूस बसलेला. मी कॉम्प्युटर त्यांच्याकडे वळवला. तिथे एक ओळ होती. मी म्हणालो, काका, इथे एकच दिसते आहे.

ते चष्मा पुसून पुन्हा वाचू लागले. चिडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "एकच? पण मी तर... तुमच्याशीच बोललो ना?" मी कागदांत बघत राहिलो. मग ते म्हणाले, "नाही, असेल. हल्ली माझ्या लक्षात राहत नाही. फोन करायचा असं ठरवून राहून गेला असेल." आणि त्या एका ओळीची नक्कल घडी करून त्यांनी पिशवीत ठेवली, मला धन्यवाद म्हणाले आणि गेले. आता घरी मुलासमोर ते काय सांगत असतील, हे मला दोन दिवस ऐकू येतं आहे. सून गेली ती गेली. पण हा माणूस आता समजतो आहे की आपण फोन केलाच नव्हता, आणि तो ते मरेपर्यंत समजेल.

उद्या माझा जबाब आहे. वही पिशवीत ठेवली आहे. सातही नोंदींना कागदाच्या पट्ट्या लावल्या आहेत, म्हणजे उघडताच पान सापडेल. नोकरी जाईल असं वाटतं. व्हरांड्यातून जाताना तुझ्याकडे काय तोंडानं बघायचं, एवढंच मनात येतं, जसं काही तू तिथे अजून उभी आहेस. आधी काकांच्या घरी जावं असं दुपारपासून ठरवतो आहे. गल्लीतल्या त्या वळणापर्यंत जाऊनही आलो. चर आता नीट भरला आहे, चौकोनी कापून. त्यावर मी चप्पल काढून उभा राहिलो. पक्का आहे.

हे पत्र शब्दकोशात ठेवून देईन. एक गोष्ट मात्र वहीत नाही आणि उद्याच्या जबाबातही येईल असं वाटत नाही. काकांची सून पडली त्याच्या आदल्या दिवशी टेबलावरचा तक्रारींचा मोबाइल वाजला होता. काकांचा नंबर मी ओळखला. माझ्यापुढे कुणी नव्हतं, काही काम नव्हतं, नुकताच चहा आला होता. मी तो वाजू दिला.