टोपीच्या खोक्यातली तिंता

कुस्को, रविवार, ३ मार्च १९९६
सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. लसूणघास तिसऱ्यांदा धूत असताना

ती. एउलालियाताईस,
सा. न. वि. वि.

हात ओले आहेत, अक्षर ओघळलं तर माफ कर. तुझ्या लेकीचं, निएवेसचं काळं गिनीपिग, आपली तिंता कुई, दोन दिवस काही खात नाही. पोट ढोलकीसारखं ताणलंय आणि ती भिंतीकडे तोंड करून बसते. मी काही कमी केलेलं नाही. मालक टोप्यांची रिकामी खोकी देतात, ती रोज बदलतो. घास तीन पाण्यांनी धुऊन थंडगार देतो.

तुला हसू येईल. पण कार्निव्हलच्या जेवणासाठी तू चुलीपाशी कुया निवडत होतीस, तेव्हा पोरीनं हिला झग्याखाली लपवून माझ्याकडे आणलं. हिला कुणी खाणार नाही ना, असं विचारलं. मी क्रुसावर हात ठेवून नाही म्हटलं. आता ही मेली तर पोरीला काय तोंड दाखवू? उलट टपाली कळव. बाबांचं कसं आहे?

माया आहे तेवढी राहू दे.
तुझा साबिनो

पोमाकांची, ८ मार्च

चि. साबिनोस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चुलीपाशी मोठ्यानं वाचलं. शेजारची फ्लोरेन्तिना म्हणाली, कुस्कोत गिनीपिगाच्या घासाला तीन पाणी, आणि आम्हाला तोंड धुवायला एक नाही. अरे, ओल्या घासानं कुई फुगते हे तिच्यासोबत रांगलेल्याला सांगावं लागतं का? नळ दिसला की तुझं डोकं फिरतं. घास एक दिवस सावलीत सुकव. पोट बोटांनी हलकं चोळ. आणि ती एकटी आहे. इथे वीस जणी एकमेकींच्या अंगावर झोपतात. एकटी झुरून मरते. बाजारातून एक नर आण. विकणारीच्या शपथेवर जाऊ नको, उलटा करून बघ.

बाबांच्या उजव्या बरगडीखाली दुखतं. थंडी बाधली म्हणतात. जेवण निम्म्यावर आलंय.

आम्हाला विसरू नको.
तुझी ताई

कुस्को, रविवार, २४ मार्च
दुपारी दोन वाजून पाच मिनिटं. घास दोरीवर वाळत घालताना

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तिंता वाचली. मी जिना चढलो की शिट्टी मारते. तांबूस नर आणला. भर बाजारात उलटा करून बघितला, तर विकणारी म्हणाली, लग्न लावतोयस की रस्सा करतोयस? त्याला नाव दिलेलं नाही. एका नावाची काळजी मला पुरते.

बाबांना आरोग्य केंद्रात ने. तीन आठवडे दुखतं ती थंडी नव्हे.

लोभ वाढो, चिंता घटो.
साबिनो

पोमाकांची, २८ एप्रिल

चि. साबिनोस अनेक आशीर्वाद.

बाबांचे डोळे पिवळे झालेत. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर म्हणतात आधी वैदूबाई दोन्या कासिमिरा बघेल. तिनं काळी कुई मागितली आहे, एकही पांढरा केस नको. अंगावरून फिरवून, मग चिरून, दुखणं कुठे बसलंय ते वाचणार. चार वस्त्या पालथ्या घातल्या, अख्खी काळी कुठेच नाही.

साबिनो, तिंता पाठव. तुझी शपथ मला ठाऊक आहे. पण कुया पुष्कळ, बाप एकच. निएवेसला काही सांगितलेलं नाही.

माझ्यावर राग धरू नको.
ताई

कुस्को, मंगळवार, ३० एप्रिल
दुपारी बारा वाजून वीस मिनिटं. खोक्याला सुतळी बांधताना

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

क्रुसाच्या सणाच्या टोप्या पुऱ्या व्हायच्यात, मालक सोडत नाहीत. गुरुवारी फेलिसियानोच्या बसनं खोकं पाठवतो. आत सूचनांचा वेगळा कागद आहे. वारा लागू नये. घास सुकाच, बोटभर तुकडे करून. तिचं पोट पुन्हा फुगू लागलंय म्हणून मी घास निम्मा केलाय. डाव्या कानामागे खाजवलं की डोळे मिटते.

जिला चिरायचं तिला वारा लागला तर काय, हे मलाही कळतं. पण लिहिल्याशिवाय गाठ मारवेना.

पोरीला तू सांग. नको, मीच लिहीन.

साबिनो

पोमाकांची, ४ मे

चि. साबिनोस अनेक आशीर्वाद.

खोकं आलं तेव्हा मी शेतात होते. बाबांना वाचता येत नाही, म्हणून त्यांनी तुझा कागद निएवेसकडून वाचून घेतला. झालं, पोरीला कळलं. तिनं शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, आजोबा, ही परत कशाला आली?

बाबांनी तिंताला उचलून पोटाखाली बोटं फिरवली, आयुष्यभर फिरवतात तशी. मग म्हणाले, "आत तीन आहेत. आणि हा गाढव तिला उपाशी ठेवतोय."

तेवढ्यात दोन्या कासिमिरा सुरी घेऊन आली. बाबा तिला म्हणाले, "माझ्या एका पोटासाठी तीन पिल्लांची आई उघडायची नाही. शिवाय जिच्यावर इतकं लिहिलंय, तिच्या पोटात माझं दुखणं दिसणार नाही, साबिनोची काळजीच दिसेल." ती संतापली; मग जा तुझ्या डॉक्टरकडे, म्हणाली. बाबांनी टोपी घातली. गेले.

पित्ताशयात खडे आहेत. शस्त्रक्रिया कुस्कोत. डॉक्टरीण म्हणाली, फार उशीर केलात. सोमवारी बाबा बसनं येतील, खोकं मांडीवर घेऊन. दोघांना सांभाळ. निएवेस तुझ्याशी बोलायला तयार नाही.

ताई

कुस्को, गुरुवार, ९ मे
सकाळी दहा वाजून पन्नास मिनिटं. दवाखान्याच्या बाकावर, दाराकडे बघत

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबांना आत नेऊन दोन तास दहा मिनिटं झाली. आत कुणी हसलं की बरं वाटतं, कुणी धावलं की मी उठून उभा राहतो. खोक्यात पूर्ण घास ठेवून आलोय, सुका.

पुढचं पावणेदोनला लिहितोय. बाबा शुद्धीवर आले. पहिला प्रश्न, तिला खायला घातलंस का.

खाली हिशेब देतो, म्हणजे तुला काळजी राहणार नाही.

खर्च: औषधं, चौतीस सोल. दवाखान्याची फी, एकवीस सोल. घास, दीड सोल.
देणं: मालकाचं, आजच्या खाड्याचे बारा सोल.
आणि निएवेसचं, मोडलेल्या शपथेबद्दल पहिलं पिल्लू, तिनं घेतलं तर. काळं निघालं तर दोन्या कासिमिराला कळू देऊ नको.

पोरीला माझी आठवण सांग.
साबिनो