चष्मा घरी राहिला म्हणून सांगितलंय

चिरंजीव धाकट्यास, तुझ्या आगाऊ ताईचे पोटभर आशीर्वाद.

मी मजेत आहे. पक्षाच्या पाहुणेघरातली गादी इतकी मऊ आहे की कूस बदलायला माणूस बोलवावा लागतो. तुझा गुडघा कसा आहे? बायकोचं ऐकतोस ना?

सत्कार झाला. आपलं रान घ्यायला ठोकलेल्या मोजणीच्या खुंट्या उपटताना तुझे दाजी गोळी लागून पडले, त्याला पंचवीस वर्षं झाली म्हणे. त्या आंदोलनाचा पक्ष झाला, पक्षाचं सरकार झालं, आणि आपल्या गोठ्यात लपायचा तो पोरगेला पुढारी आता मंत्री झालाय. मी विचारलं, "काय रे, शेणाचा वास गेला का अंगाचा?" सगळे हसले. तो नाही हसला.

मग त्यानं कागद पुढे केला. "वहिनी, कारखान्याला जमीन द्यायची संमती आहे. तुमची सही झाली की अख्खं गाव करेल." नकाशात आपलंच रान होतं रे. तेच.

मी म्हटलं, चष्मा घरी राहिला. तो उशीखाली आहे. उद्या नवा करून आणतायत. तरी मी सही करणार नाही, मग परतीची गाडी देतात की नाही कोण जाणे.

सही होवो न होवो, महिनाअखेरीला खुंट्या ठोकणार, असं मला इथं आणणारा ड्रायव्हर बोलला. गावाला सांग. तेव्हा मी तुला खोलीत कोंडून ठेवलं होतं. आता कोंडायला मी तिथं नाही. उपटायला जा, पण सगळ्यांच्या पुढे राहू नकोस. तुझे दाजी पुढे होते.

अजून न सुधारलेली,
ताई