एकसष्ट सिनेमे आणि तीन फेऱ्या

रविवार, १२ जानेवारी २०२५. दुपार.

मोटर रेसिंगवरचा एकसष्टावा सिनेमा आत्ता संपवला. भिकार. हीरो सरळ रस्त्यावर मागे पडलेला. ॲक्सिलरेटर आधीच तळाला टेकलेला. पायाचा क्लोजअपच दाखवलाय, म्हणजे नाही म्हणायची सोय नाही. मग तो डोळे बारीक करतो, एक गियर टाकतो आणि तीन गाड्या मागे टाकतो. अरे, हा गियर इतका वेळ काय खिशात होता?

वहीत नोंद केली. गियरची चूक असलेले सिनेमे आता चोपन्न. शिवाय याच सिनेमात दोनशेच्या स्पीडला दोन ड्रायव्हर एकमेकांकडे बघून दात-ओठ खातात. वळणावर मेलेला बाप दिसतो. प्रेक्षकांच्या गर्दीत आईचा चेहरा ओळखू येतो. एवढ्या वेगात! आम्हाला एसटीतून कळंबचा बोर्ड वाचता येत नाही.

कुंदाने विचारलं, तुम्ही खऱ्या रेस किती बघितल्या? सीझनमध्ये प्रत्येक रविवारी टीव्हीवर बघतो म्हणालो. म्हणजे एकही नाही, म्हणाली. बायको आहे, पण लॉजिक कच्चं.

मंगळवार, १४ जानेवारी. संध्याकाळ.

विठ्ठलराव तिळगूळ द्यायला आले होते. रिटायर्ड हेडमास्तर, आता वाचनालयाचे अध्यक्ष. फेब्रुवारीच्या व्याख्यानाचा वक्ता ऐनवेळी गळाला म्हणाले, कोणी आहे का तुमच्या ओळखीचं? आहे म्हणालो. कोण, म्हणाले. मी कॉलर सरळ केली. त्यांना समजायला जरा वेळ लागला.

ठरलं. शनिवार २२ फेब्रुवारी, संध्याकाळी पाच. विषय: सिनेमातलं मोटर रेसिंग. शीर्षक मी सुचवलं: 'चाकाखालचं असत्य'. विठ्ठलराव लाडू चघळत राहिले. प्रभावित झाले असावेत.

शुक्रवार, १७ जानेवारी.

संकल्प. १) रोज पाच स्लाइड. २) रोज पहाटे मानेचा व्यायाम. वळणावर ड्रायव्हरच्या मानेवर प्रचंड ताण येतो. हे या विषयावर बोलणाऱ्याने स्वतः अनुभवलेलं असावं. सिनेमावाले अनुभव घेत नाहीत, तिथेच घसरतात. हेल्मेटला दोन किलो तूरडाळीची पिशवी बांधून मान डावी-उजवी, पन्नास वेळा.

शनिवार, १८ जानेवारी.

मान डावीकडे वळत नाही. ऑफिसात सगळ्यांशी उजवीकडून बोललो. स्लाइड शून्य. व्यायाम तात्पुरता स्थगित. डाळ कुंदाने परत डब्यात ओतली.

सोमवार, २० जानेवारी.

मी गाडी चालवत नाही, हे लोकांना खटकतं. सुनील गावसकर-बिवसकर सोडा, साधा पंच तरी बॅट घेऊन उभा राहतो का? गाडी चालवणारा माणूस रस्ता बघतो. न चालवणारा तंत्र बघतो.

कुंदा रोज स्कूटीवर मला ऑफिसला सोडते. आज बँकेच्या वळणावर तिला मागून सांगितलं, आधी बाहेर जा, मग आत शीर, मग पुन्हा बाहेर, ही रेसिंग लाइन. तिने गाडी थांबवली आणि मला म्हणाली, आधी बाहेर तुम्ही जा. उरलेलं अंतर चालत गेलो. शिकणाऱ्याची तयारी नसेल तर गुरू तरी काय करणार.

शुक्रवार, २४ जानेवारी.

ऑफिसातला घनश्याम टेबलाजवळ आला. मारेगावकडचा, घरची कपाशी-सोयाबीन, माणूस सरळ. म्हणाला, सर, तुमचं लेक्चर आहे म्हणे रेसवर. मंग आमच्या गावले या ना. नऊ तारखेले आम्ही जीपची रेस घेऊन राह्यलो. यंदा एक वावर हरभरा न पेरता मोकळंच ठेवलं. माह्या भावाची पोरगी बी हाय त्यात, कोकिळा.

वावरात रेस! हसू आवरलं नाही. ट्रॅकला बँकिंग (वळणावरचा तिरका उतार) आहे का विचारलं. तो म्हणाला, बँक मारेगावात हाय सर, पन रविवारी बंद रायते.

जाणार आहे. खेड्यातलं रेसिंग सिनेमाइतकंच खोटं असतं, यावर दोन स्लाइड निघतील.

रविवार, २ फेब्रुवारी.

स्लाइड एकूण बारा. पैकी सहा माझ्या परिचयाच्या. केतकी यवतमाळहून आली होती. मुलगी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. स्लाइड बघून म्हणाली, बाबा, यात रेसिंग कधी येतं? वाक्य उद्धट होतं. तिला पुढच्या रविवारी मारेगावला यायला सांगितलं. बाप फील्डवर कसा दिसतो ते एकदा पाहू दे.

रविवार, ९ फेब्रुवारी. सकाळी ११.१०. मारेगावजवळ, वावराच्या काठावर.

आलो. मी, कुंदा, केतकी. निरीक्षणं टिपतो आहे. ट्रॅक म्हणजे चुन्याने आखलेला अंडाकार. पाच जीप, पैकी एकीला दार नाही. सेफ्टी म्हणून तुराट्यांचे भारे. शे-दोनशे माणसं. बायका वळणावर बोरं खात बसल्या आहेत. कुंदा त्यांच्यात जाऊन बसली सुद्धा.

कोकिळा भेटली. वय चोवीस. हाताला ग्रीस, डोक्याला ओढणी बांधलेली. मी तिला अंडरस्टीअर, म्हणजे चाक वळवूनही गाडी सरळच का जाते, ते समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, काका, जरा तो पाना देता काय?

११.४५. गडबड. प्रत्येक जीपमध्ये ड्रायव्हरच्या बाजूला दुसरा माणूस लागतो, वजनासाठी. कोकिळेच्या बाजूला बसणारा तिचा आतेभाऊ पाय मुरगळून बसला आहे. घनश्याम माइकवरून म्हणाला, आपल्यात एक्सपर्ट आलेले हायत, पांढरीपांडे सर, तेच बसतीन. टाळ्या. केतकी जवळ येऊन म्हणाली, बाबा, नका जाऊ. एवढं म्हटल्यावर जावंच लागलं.

दुपारी ४.

लिहितो आहे.

तीन फेऱ्या झाल्या. कोकिळेचा नंबर चौथा.

शास्त्रीय वृत्तीने जे घडलं ते टिपून ठेवतो. सरळ भागात तिचा पाय तळाला टेकलेला होता. मी स्वतः बघितला. बघण्यासारखं दुसरं काही मला नकोच होतं. यापेक्षा जास्त वेग या गाडीत नाही, असं मी मनाशी म्हणतो आहे, तोवर तिने लिव्हर ओढला आणि जीप पुढे उडाली. तिच्याकडे आणखी एक गियर होता.

शेजारी दुसरी जीप आली. तिच्या ड्रायव्हरने कोकिळेकडे बघितलं. कोकिळेने त्याच्याकडे बघितलं. आणि हसली. रस्ता कोणीच बघत नव्हतं. रस्ता नव्हताच म्हणा.

वळणावर मातीचं एक ढेकूळ काचेसमोर आलं आणि तिथेच थांबलं. त्याला चिकटलेलं सोयाबीनचं बुडूख दिसलं, त्याच्या मुळ्या दिसल्या. खाली पडायला त्याने फार वेळ घेतला. त्या वेळात मला माझे वडील, अण्णा, दिसले. अण्णांना जाऊन सतरा वर्षं झाली. बनियनवर होते. डबा घेतलास का, असं विचारत होते.

गर्दीत कुंदा दिसली. स्पष्ट. तोंडात बोर होतं. ते तिने चावायचं थांबवलं होतं, हेही दिसलं.

उतरल्यावर केतकीने हाताला धरून तुराट्यांवर बसवलं. पाणी प्यायलो, बरंचसं शर्टावर.

सोमवार, १० फेब्रुवारी.

सर्वांग दुखतं. रजा. शांतपणे विचार केला. कालचे सगळे अनुभव अपवादात्मक आहेत. वावर म्हणजे ट्रॅक नव्हे. सिनेमातला गियर आणि कोकिळेचा गियर यांची तुलना होऊ शकत नाही. व्याख्यानात बदल नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी.

घनश्यामला सहज विचारल्यासारखं विचारलं की तो गियर आधी का टाकला नाही. त्याने तिथेच कोकिळेला फोन लावून माझ्या हातात दिला. ती म्हणाली, काका, पुढं भुसभुशीत होतं, तिसऱ्यातच दाबून धरली होती, कडक जमीन लागली तवा टाकला. बिन समजता टाकला तर गाडी रुतते ना.

म्हणजे ती वाट बघत होती. चोपन्न सिनेमांतले हीरोही वाट बघत असतील का? शक्य नाही. त्यांच्याकडे डांबरी रस्ता असतो. तरीही गियरची स्लाइड तूर्त बाजूला काढली.

रविवार, १६ फेब्रुवारी.

बाजूला काढलेल्या स्लाइड: गियर, नजरानजर, स्लो मोशन, मेलेला बाप, गर्दीतला चेहरा. उरलेल्या: माझा परिचय (सहा), आभार (एक). नव्याने लिहायला बसलो, टेबल आवरलं, पेन्सिलींना टोक केलं. मग जेवण झालं.

संकल्प: उद्यापासून दहा.

गुरुवार, २० फेब्रुवारी.

विठ्ठलरावांचा फोन. तुमच्या त्या रेसची बातमी कानावर आली, त्या मुलीलाही बोलावलं आहे म्हणाले, गावातल्या पोरींना बघायला मिळेल. मी म्हणालो, जरूर, समोर बसू दे, माझ्याकडून दोन गोष्टी शिकेल. फोन ठेवल्यावर स्लाइड पुन्हा मोजल्या.

स्लाइड सात.

शनिवार, २२ फेब्रुवारी. घरी आल्यावर.

व्याख्यान झालं. सविस्तर लिहितो.

उपस्थिती चांगली. साठेक माणसं. मारेगावहून घनश्याम एक टेम्पो भरून घेऊन आला होता, त्यात बायकाच जास्त. कोकिळा दुसऱ्या रांगेत, धुतलेल्या हातांनी, बापाशेजारी.

मी सुरुवात जोरदार केली. सिनेमावाले पैशासाठी वाटेल ते दाखवतात, प्रेक्षकाला मूर्ख समजतात, एकालाही स्टीअरिंगमागे काय होतं ते माहीत नाही. टाळ्या. त्यानंतर माझ्या परिचयाच्या स्लाइड लागल्या. चौथ्या परिचयापाशी मागून कोणीतरी विचारलं, सर, पन काय चुकीचं दाखवते ते सांगा ना.

मी पाणी प्यायलो. पुढची स्लाइड लावली. पाचवा परिचय.

विठ्ठलराव उठले आणि म्हणाले, तोवर आपण कोकिळाताईंना दोन शब्द बोलायला सांगू.

ती चाळीस मिनिटं बोलली. स्लाइड नाहीत, कागद नाही. म्हणाली, मले सिनेमे आवडते. रेस बरोबर दाखवते ते लोक. चुकते ते बाकीचं. सिनेमात कोणी चौथं येत नाही. पहिलं येते, नाहीतर मरते. मी तीन रेसमध्ये दोनदा चौथी आली. चौथं आल्यावर जीप गोठ्यामागं लावली न् आतच बसून रडली, ते कोणी दाखवत नाही. रेसच्या आधी आठ दिवस गाडीखाली पडून रायते मी, ते दाखवत नाही. पहिल्यांदा रेस लावली तवा बाबा महिनाभर बोलले नाही माह्याशी, एका घरात. सिनेमात बाप शेवटी येऊन मिठी मारते. माहे बाबा आले न् म्हणाले, डिझेल किती उरलं?

सगळा हॉल हसला. तिचा बाप खाली बघत होता. मान वर केली तेव्हा त्याचे डोळे ओले होते. मी मंचावर त्याच्या समोरच बसलो होतो म्हणून दिसलं.

माझ्या वहीत एकसष्ट सिनेमे आहेत. चौथा नंबर हा रकानाच नाही.

मग एका मुलीने विचारलं, ताई, आणखी काय चुकीचं असते सिनेमात? कोकिळेने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, हीरोच्या बाजूले जो बसलेला असते ना, तो सिनेमात कधी भेत नाही. खरा माणूस भेते. सर पहिल्यांदाच बसले होते. लई भेले. पन तीन फेऱ्या बसून राह्यले, मले एकदाही थांब म्हनलं नाही.

टाळ्या. मोठ्या. विठ्ठलरावांनी मला हाताला धरून उभं केलं. मी हात जोडले. सातवी स्लाइड लावून आभार मानले. व्याख्यानाचा शेवट एकंदरीत चांगला झाला.

आता खरं लिहितो. मी थांब म्हणालो होतो. तीनदा. प्रत्येक फेरीत, त्याच वळणावर, होता तेवढा जोर लावून. इंजिनाच्या आवाजात तिच्या कानावर गेलं नसावं.

आत्ता जेवताना कुंदाला हे सांगून टाकलं. ती भात वाढत होती. म्हणाली, माहीत आहे. वळणावर आम्ही बसलो होतो ना, तिन्ही वेळा ऐकू आलं. मी विचारलं, आम्ही म्हणजे कोण? म्हणाली, सगळ्याच जणी. आज टेम्पोतून आल्या होत्या त्या.

टाळ्यांना सुरुवात त्यांनीच केली होती.