फुलपाखरांसाठी साफ केलेली वाडी

१२ ऑगस्ट

वाचणारे बाई, पहिले गॅस बंद केला का ते पाहून ये. विसरलीच असशीन. मले अक्षर येत नाई, म्हणून रोजनिशी माही, लिवणारी सून भावना, अन् वाचून दाखवणारीही तेच विसरभोळी.

खबर : नात आचल ऑक्टोबरात येणार हाये. कॉलेजात फुलपाखरं शिकते. कोणत्या जागी, कोणत्या हवेत कोणत्या जातीचे येतात, ते पाहाचं हाये. आपल्या देवळी गावातल्या एका घराची वाडी निवडणार. पहाटेपासून तिथंच बसणं, म्हणून दिवाळीपर्यंत मुक्कामही त्याच घरी.

ठराव : ते वाडी माही. शेजारची भागीरथा गिनतीतच नाई. तिच्या वाडीत रुई, तरोटा असलं तण अन् चिखल. फुलपाखरू तिथं चप्पल घालूनही उतरणार नाई.

१८ ऑगस्ट

वाडी क्लीन. रुई उपटली, तरोटा उपटला. पोरानं, चंद्रभाननं, मोरीपासून गेटापर्यंत सिमेंटचे गट्टू बसवले. चिखल बंद. नर्सरीतून झेंडू आणला, गुलाब आणला. भावना म्हणे, "आई, फुलपाखरं येऊन राह्यले का लग्नाचे पाहुणे?" म्हटलं, पाहुणेच. स्वच्छ जागा पाहूनच बसतीन.

२ सप्टेंबर

कढीत टाकतो त्या गोडलिंबावर अळ्या! हिरव्या, फुगलेल्या. जलमभर कपाशीतल्या अळ्या वेचल्या, मले काय फसवतीन? एकूण एक वेचली. वरून निंबोळीचा अर्क फवारला. पाहुण्यांसाठी पानं वाचवली.

आचलले फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगतलं. पोट्टी कळवळली. "आजी, त्याच अळीचं फुलपाखरू होते ना!"

म्हटलं, मले शिकवू नको. इतकी वर्सं अळ्या पाहिल्या, एकीले पंख फुटले नाई. वाढाले सोडलीच नाई ना एकपण.

१५ सप्टेंबर

पावसानं दडी मारली. ऊन मे महिन्याचं. गट्टूवर पाय ठेववत नाई. एक फुलपाखरू आलं, झेंडूवर टेकलं, गेलं. घाईत असंन. दोष हवेचा.

भिंतीपल्याड भागीरथेकडे मेळा भरला. मोरीच्या ओल्या चिखलावर पिवळे, रुईवर केशरी. भावना म्हणे, हवा तर तिलेही हेच हाये. तुले कोणं विचारलं? हे लिवू नको म्हटलं तर लिवूनच राह्यली.

२८ सप्टेंबर

भागीरथेले भल्यासाठी सांगतलं, वाडी साफ कर, डेंग्यू होते. ते म्हणे, "सखूबाई, माहे फुलपाखरं टोचून राह्यले का तुमाले?"

फुलपाखरू कुठं टोचते? अडाणी बाई.

५ ऑक्टोबर

आचल आली. गळ्यात पडली. मंग सकाळभर गट्टूवर बसली, घामानं भिजली. दुपारी भागीरथेकडे गेली, ते सांजेलोक आलीच नाई.

आल्यावर हळूच बोलली, "आजी, अळीले तिचं पान लागते. उन्हात ओल लागते, सावली लागते. फुलाचं काम शेवटी." अन् बॅग घेऊन पल्याड गेली. दोघी हसून राह्यल्या, आवाज इथलोक येते.

तिच्यासाठी धुतलेली गोधडी घडी घालून ठेवली. थंडीत मलेच लागते.

९ ऑक्टोबर

मी हरली नाई. फुलपाखराईले चव नाई, इतकंच.

मोरीजवळचे गट्टू काढाले लावले. पाय भाजत होते म्हणून. पाणी मोकळं सोडलं. नाली तुंबली म्हणून. कोपऱ्यात रुईचा कोंब फुटला, तो राहू दिला. कंबर दुखते म्हणून. भावना, हसू नको, लिव.

आज कढी कराची हाये. आपल्या गोडलिंबाले अजून अर्काचा वास येते. भिंतीवरून निरोप देजो : भागीरथे, गोडलिंबाची एक फांदी पाठव. पानं झटकू नको, धू नको. जशी हाये तशी, सांभाळून, आचलच्याच हातानं पाठवजो.