मधल्या पट्टीतला ठिपका

५ नोव्हेंबर १९९५
पापनाशमहून सकाळच्या बसनं तंजावूरला आले. नोकरी लागली! गावाबाहेर खासगी विमानशाळा आहे. थोरला भाऊ कार्तिकअण्णा तिथंच विमान चालवायला शिकतो, त्यानंच शब्द टाकला. दहावी सोडलेल्या पोरीला खुर्ची, पंखा, कानाला विमानांशी बोलायचं यंत्र! समोर रडारच्या काचेवर दोन हिरवे ठिपके, म्हणजे दोन विमानं. ढगात बाहेरचं काही दिसत नाही, तरी काटे बघत दोघं एकदमच उतरतात, शेजारशेजारच्या धावपट्ट्यांवर. मधे लाल पट्टी. एक विमान माझं, एक शेजारच्या खुर्चीतल्या सांबशिवमामांचं. एक लाल पट्टीत शिरलं, की दुसऱ्याला ओरडून लगेच बाहेर वळवायचं. एवढंच काम.

७ नोव्हेंबर
मामा चिडवतात, "काय गे, तोंडात इडली धरून आलीस?" आमच्यात मोठी माणसं बसलेली असताना पोरींनी आधी बोलायचं नसतं. सवय सुटत नाही. अण्णा म्हणाला, माझा जीव तुझ्या जिभेवर आहे, बोलत जा बाई.

१० नोव्हेंबर
लाल पट्टीत तिसरा ठिपका. बारीक. विमानं दोनच होती. मामांना दिसला नाही म्हणे.

१३ नोव्हेंबर
ढग फार खाली. मामांचं विमान तिसऱ्या ठिपक्याकडं ओढल्यासारखं पट्टीत शिरलं. माझ्याकडच्या विमानात श्रीकर, अण्णाबरोबर शिकणारा. त्याला बाहेर वळवायचं होतं. मी मामांकडं बघितलं. ते बोलतील म्हणून थांबले. दोन श्वास फक्त.
विमानं धडकली. दोन्ही विमानांतली पोरं गेली. भाताच्या चिखलात श्रीकरचा हात मिळाला, घड्याळासकट. डोकं नाही.

१४ नोव्हेंबर
कानात श्रीकर. का नाही बोललीस, विचारत होता. यंत्र बंद होतं.

१६ नोव्हेंबर
शाळेचे मालक म्हणाले, विमानं उडणारच. पट्टीत आता तसले बारीक ठिपके तीन. आज मामांनाही ऐकू आलं. त्यांनी पेन्सिल कानात खुपसली — एका, मग दुसऱ्या. हसत होते. वहीवर त्यांचं रक्त आहे.

१७ नोव्हेंबर
शेजारची खुर्ची रिकामी. ढग. अण्णा वर आहे. मालकांसमोर त्याला जाऊ नको म्हणता आलं नाही —
आता बोलणार. कुणाची वाट नाही बघणार.

दुसरं विमान पट्टीत शिरलं. ओरडले, अण्णा, बाहेर वळ —
आवाज माझा नाही. श्रीकरचा. माझ्या घशातनं. आत ये म्हणाला.

अण्णा वळतोय. आत.

डाव्या हातानं तोंड दाबलंय. बोटं चावतंय माझंच तोंड — हाडापर्यंत — तरी बोलणं थांबत ना