अकरा अडतीस, अकरा एक्केचाळीस

२७ जानेवारी १९९८, मंगळवार
कार्ड आलं एकदाचं! तीन आठवडे वाटेत कुठे अडकलं होतं देव जाणे. तळहाताएवढी पट्टी, पण चार फोनलाइन पोटात घेते. हे सर्व्हरमध्ये बसवायचं, ऑफिसच्या चारही लाइन त्यात जोडायच्या. मग बाहेरचा फोन कॉम्प्युटर उचलणार, 'ज्यांच्याशी बोलायचंय त्यांचा नंबर दाबा' म्हणणार, माणूस जागेवर नसेल तर निरोप साठवून ठेवणार. फॅक्ससुद्धा सरळ ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवर. बेंगळुरूच्या अख्ख्या इंदिरानगरात कुणाकडे असेल की नाही शंका आहे. मॅनेजर म्हणाले, "मोहन, पहिल्यांदाच करतोयस, संभाळून." म्हटलं, सर, बघाच तुम्ही.

साडेबाराला अण्णांचा फोन, नेहमीप्रमाणे. आई गेल्यापासून बनशंकरीच्या घरात दिवसभर एकटेच असतात, म्हणून एक दिवस चुकवत नाहीत. आज कारण काय, तर डब्यात लोणचं द्यायचं राहिलं. मी स्क्रू हातात घेऊन टेबलाखाली. म्हटलं, अण्णा, लोणच्यावाचून मरत नाही मी. ठेवला.

३० जाने., शुक्रवार
नाकी नऊ आले. कार्ड आणि मशीन एकमेकांचं तोंड बघत नाहीत. दोनदा सगळं पुसून परत घातलं.

फिलोमिना (आमची ऑपरेटर, सतरा वर्षं बोर्डावर) जेवायच्या सुट्टीत येऊन बघत उभी. तिला सगळं माहीत. कुठल्या गिऱ्हाइकाला कोण हवं, कोण चिडकं, कुणाला 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' सांगायचं. अण्णांशी तर तिची रोज कन्नडात पाच मिनिटं, मग माझ्याकडे जोडणार. "तुझे अप्पा आज खुशीत आहेत," असं आधी सांगणार. मी म्हणतो, कशाला वेळ घालवता? ती म्हणते, तुला नसतो म्हणून मी देते.

३ फेब्रु., मंगळवार
चाललं!! टेबलावरून बाहेरच्या पी.सी.ओ.त धावत गेलो, ऑफिसला फोन लावला, मशीननं उचलला, माझा नंबर दाबला, इकडे घंटी. पी.सी.ओ.वाला बघत राहिला, हा एवढा हसतोय कशाला.

आवाज कुणाचा भरायचा? मॅ. म्हणाले फिलोमिनाचाच, लोकांना ओळखीचा आहे. तिनं चार वेळा म्हटलं, पाचव्यांदा छान आलं. मग मॅ.नी तिला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, सोमवारपासून वरच्या मजल्यावर, डिस्पॅचला. नोकरी आहे, खुर्ची बदलली. बाहेर आली तेव्हा मी नजर चुकवली. 

६ फेब्रु., शुक्र.
घोडं अडलं. पलीकडचा फोन ठेवून देतो, पण आमच्या कार्डाला पत्ताच नाही. ते आपलं लाइन धरून बसतं. दुपारपर्यंत चारही लाइन अशा अडकल्या, बाहेरून सगळ्यांना एंगेज. मॅ. लालबुंद.

पुस्तकात उपाय आहे: कुणी नंबर दाबला नाही तर फोन ऑपरेटरकडे पाठवा. पण मग मेलेल्या लाइनसुद्धा तिच्याकडे वाजत राहणार, आणि ऑपरेटर तर आपण वर पाठवली. मी माझा उपाय काढला. दहा सेकंदांत कुणी काही दाबलं नाही तर पलीकडे माणूस नाही असं समजायचं, लाइन तोडायची. दोन तास चाचणी घेतली, एकही लाइन अडकली नाही. मॅ.नी पाठ थोपटली. खरं सांगायचं तर स्वतःवर लई खूश आहे.

९ फेब्रु., सोम.
सुरू केलं. दिवसभरात एकशे चाळीसच्या वर फोन, एकही लाइन अडकली नाही. बोर्डाची खुर्ची रिकामी.
साडेबाराला अण्णांचा फोन नाही. कामात होतो, लक्षात घरी आल्यावर आलं.

१० फेब्रु., मंगळ.
काल अण्णा काही बोलले नव्हते. आज जेवताना म्हणाले, "मोहन, फिलोमिनाला मी काही वाकडं बोललो का रे?"
"का?"
"काल आणि आज फोन केला. इंग्रजीत काहीतरी बोलली. मी म्हटलं, अम्मा, मी मोहनचा अप्पा. तर तेच परत. स्वल्प थांब म्हटलं, तर कट. ओळखसुद्धा दाखवली नाही."

मी हसून हसून बेजार. सांगितलं की ती फिलोमिना नाही, तिचा भरलेला आवाज आहे, नुसता माझा नंबर दाबायचा, दोन-एक-चार. तर म्हणाले, "दाबू कुठे? आपल्या फोनला भोकं आहेत भोकं."

खरंच की. आपला काळा, चकती फिरवायचा. तो नंबर फिरवला की नुसती टर्रटर्र होते, कार्डाला ती कळत नाही. त्याला बटणाचा सूर लागतो. हे माझ्या टाळक्यात आलंच नाही! निम्म्या बेंगळुरूच्या घरात हेच काळे फोन. म्हणजे माझ्या मशीनला ती सगळी माणसं, माणसंच नाहीत.
"बघतो," म्हटलं.

१३ फेब्रु., शुक्र.
फिलोमिना जिन्यात भेटली. "अप्पा बरे आहेत ना? आवाज ऐकला नाही बरेच दिवस. न सांगता वर गेले म्हणून माझ्यावर रागावले का?" म्हटलं, ते तुम्हाला तेच विचारतायत. तिला हसू आलं, मग डोळे पुसले. "दुपारी त्यांचा फोन आला की मला डबा उघडायची आठवण व्हायची," म्हणाली.

मॅ.ना विचारलं, गप्प राहणारे फोन वर फिलोमिनाकडे पाठवू का. "मग मशीन कशाला घेतलं? गुरुवारी इलेक्ट्रॉनिक सिटीतली एक पार्टी मशीन बघायला येतेय, तोवर कशाला हात लावायचा नाही." मीही जोर केला नाही. चालतं मशीन उघडायची मलाच भीती.

अण्णांना म्हटलं, एस. पी. रोडवरून बटणांचा फोन आणतो. एकदम चिडले. "तो फोन बदलायचा नाही. नऊ वर्षं नंबर लावून मिळालाय. तुझ्या आईनं हळदकुंकू लावून घरात घेतलाय." सरी, ठीक आहे, म्हटलं. हट्टी तर हट्टी. त्यांचाच मुलगा आहे मी.

१६ फेब्रु., सोम.
अण्णा अजून रोज एकदा लावून बघतात. आज म्हणाले, "एखाद दिवशी उचलेल खरी फिलोमिना." मी वैतागलो. म्हटलं, नका लावू अण्णा, उगाच लाइन अडते, संध्याकाळी घरी येतोच की मी! ते पानातला भात चिवडत राहिले.
असं बोलायला नको होतं.
गप्प फोन वर फिलोमिनाकडे पाठवायचे, दोन मिनिटांचं काम आहे. गुरुवार उरकला की शुक्रवारी पहिलं तेच.

१९ फेब्रु., गुरु.
अण्णा गेले.

२२ फेब्रु., रवि.
अस्थी काल श्रीरंगपट्टणला सोडल्या. अक्का धारवाडहून शुक्रवारी सकाळी पोचली, तिला नुसतं मुख बघायला मिळालं. मला तरी काय मिळालं?

लिहून ठेवतो, नाहीतर डोकं फुटेल. गुरुवारी साडेअकराला इलेक्ट्रॉनिक सिटीची माणसं आली. मी सगळं दाखवत होतो. पाऊणच्या सुमारास ती टाळ्या वाजवून गेली. दीडला शेजारच्या शारदम्मा ऑफिसच्या दारात. केस सुटलेले, पायात घरातल्या चपला. बनशंकरीहून रिक्षा करून आल्या. "मोहना, तुझा फोन लागतच नाही रे. ती बाई बोलते आणि ठेवते." बाराच्या सुमारास त्या अण्णांना सांबार द्यायला गेल्या तर अण्णा खाली, घामानं भिजलेले. शुद्ध होती. "मोहन," एवढंच म्हणाले. शारदम्मांनी आमच्याच फोनवरून ऑफिसला लावला, परत लावला. मग नवऱ्याबरोबर अण्णांना नर्सिंग होममध्ये पाठवलं आणि त्या माझ्याकडे निघाल्या.

मी पोचलो अडीचला. दोनला गेले होते.

शारदम्मांचा पहिला फोन लागला असता तर मी एकला तिथे असतो. पूर्ण एक तास. एक तास त्यांचा हात धरून बसलो असतो. तो तास मी खाल्ला, माझ्या त्या शहाणपणाच्या दहा सेकंदांनी खाल्ला. हे कुणाला सांगू?

४ मार्च, बुध.
काल तेरावा झाला. अक्का आज परत गेली. जाताना बॅग हातात घेऊन विचारलं, "तुला ते रोज फोन करायचे ना? त्या दिवशी नाही केला?"
"नाही आला," म्हटलं. मला तसंच वाटत होतं.
तिनं मोठा श्वास सोडला. "म्हणजे एकदमच आलं असेल. फार भोगलं नसेल त्यांनी."

६ मार्च, शुक्र.
ऑफिस. आल्या आल्या पहिलं काम केलं. कुणाला विचारलं नाही. गप्प राहिलेला फोन आता तुटत नाही, फिलोमिनाकडे जातो. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. घड्याळ लावून बघितलं, मुद्दाम, स्वतःला टोचायला.

मग नोंदी उघडल्या. कुठला फोन किती वाजता आला, काय दाबलं, सगळं मशीन लिहून ठेवतं. कुणाकडून आला ते मात्र नाही.
१९ तारीख, काही न दाबलेले:
१२.०९
१२.११
आणि त्याच्या आधी,
११.३८
११.४१

बाराचे दोन शारदम्मांचे. त्याआधीचे दोन कुणाचे?
वेळा परत वाचल्या. त्या वेळी मी त्याच खोलीत होतो, मशीनच्या शेजारी. त्या लोकांना सांगत होतो, आता आमची एकही लाइन वाया जात नाही.

९ मार्च, सोम.
बाकीचे दिवस तपासले. काही न दाबलेले फोन रोज असतात. कधी तीन, कधी सात. काळ्या फोनवाली गिऱ्हाइकं असणार. म्हणजे ११.३८ कुणाचाही असू शकतो. एखादा व्यापारी, चुकीचा नंबर, कुणीही.
पण तीन मिनिटांच्या अंतरानं दोन?
अण्णा नेहमी साडेबाराला करायचे. साडेअकराला कशाला करतील? करतील ते एकाच कारणासाठी.
त्यात त्याच आठवड्यात सोमवारी मीच ओरडलो होतो, नका लावू म्हणून. मग मंगळवार-बुधवारी लावलेच नव्हते त्यांनी, मला बोलले होते तसं. त्यामुळे गुरुवारीही नसतील केले? की त्यातूनही केले? दोन्ही विचार सारखेच जीव घेतात.

११ मार्च, बुध.
शारदम्मांकडे गेलो. फोन किती वेळा लावला होता, आठवतं का? "दोनदा. नाही, तीनदा असेल. कुणाला भान होतं, मगा, बाळा?" रिसिव्हर कुठे होता? जागेवर. अण्णा कुठे होते? फोनच्या टेबलाच्या आणि स्वैपाकघराच्या मधे. तोंड कुठल्या बाजूला? हे विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं, आत गेल्या, कॉफी आणून हातात दिली. "पुरे आता," म्हणाल्या.
टेलिफोनच्या बिलात गावातले फोन वेगळे लिहीत नाहीत. तिथेही कळायचं नाही.

१३ मार्च, शुक्र.
फिलोमिना परत खाली आली, रोज अर्धा दिवस. गप्प फोन घेते. मॅ.ना वाटतं मी गिऱ्हाइकांच्या सोयीसाठी केलं. ती आता तिचा स्वतःचा भरलेला आवाज संपेपर्यंत थांबते आणि मग 'हलो' म्हणते.
तिला नोंदी दाखवल्या. एका माणसाला तरी सांगायचं होतं. तिनं स्क्रीनवर बोट ठेवून एकेक वेळ वाचली. "देवालाच ठाऊक, मोहन. तू हे माझ्यापासून लपवू शकला असतास, पण दाखवायला आलास." मग म्हणाली, "मी खुर्चीत असते तर..." पुढे बोलली असती तर बरं झालं असतं. कुणीतरी मला चार शिव्या द्यायला हव्यात.

१८ मार्च, बुध.
इलेक्ट्रॉनिक सिटीवाल्यांना तसंच मशीन हवंय. मॅ. म्हणाले, मोहनच बसवेल. नाही म्हणता आलं नाही. मलाच बसवू दे. निदान दहा सेकंदांचा तो शहाणपणा तिथे कुणी करणार नाही.
नोंदी तीस दिवसच राहतात, मग मशीन आपोआप पुसतं. म्हणजे १९ फेब्रुवारीच्या नोंदी या शनिवारी जातील.

२० मार्च, शुक्र.
घरी पोचतो तर फोन वाजत होता. अक्का.
आवाज मोकळा वाटला. म्हणाली, "गेले आठ दिवस जरा झोप लागतेय रे. डोळे मिटले की अण्णा एकटे पडलेले दिसायचे. मग मी स्वतःला सांगते, त्यांना काही वाटलं असतं तर त्यांनी मोहनला फोन केलाच असता. नाही केला, म्हणजे कळलंसुद्धा नसेल त्यांना. हो ना?"

मी चकतीत बोट घालून उभा होतो. नुसता.

"हो ना रे, मोहन?"

"हो अक्का."

"बस्स. तेवढंच ऐकायचं होतं."

उद्या ऑफिसला अर्धा दिवस आहे. नोंदी मी गेलो तरी पुसल्या जाणार, नाही गेलो तरी. कागदावर काढून घेतल्या तर कधीतरी अक्काच्या हातात द्याव्या लागतील. नाही काढल्या तर ते दोन फोन कधी आलेच नव्हते, असं होईल. आणि समजा ते त्यांचे असतील, तर मी त्यांचा फोन परत एकदा तोडणार.