अहो नावाचा माणूस

मुक्काम बोटीवर, इंग्लंड
९ जानेवारी २०२५

तीर्थरूप नानांस,

सुकन्याचा साष्टांग नमस्कार. तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून कागदावरून पाया पडते. पत्र शेवटपर्यंत वाचा. एक मागणं आहे, ते तुमच्याशिवाय कुणी पुरं करू शकत नाही, आणि त्याला अठ्ठावीस फेब्रुवारीची मुदत आहे. पाटबंधारे खात्यात जन्म काढलेल्या माणसाला मुदत म्हणजे काय ते सांगायला नको.

मी बरी आहे. थंडी मरणाची आहे. सकाळी खिडकी पुसली तरी बाहेर काहीच दिसत नाही, नुसतं पांढरं. त्या पांढऱ्यातून कधी एखादं बदक चालत जातं, कारण कालवा गोठलाय. बोट म्हणजे एक लांबुळकी खोली. दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंतींना बोटं टेकतात. पुढे शेगडी, मध्ये बिछाना, मागे इंजिन. दर तिसऱ्या आठवड्याला कोळशाची बोट येते, आपल्याकडे भाजीचा टेम्पो यावा तशी, भोंगा वाजवत.

सरकारचा नियम असा की एका जागी चौदा दिवसांच्या वर थांबायचं नाही. बर्फ असला तर थांबायची सूट आहे, पण ती मागायला अर्ज करावा लागतो, आणि अर्जावर पत्ता लागतो. पत्ता कुठून आणू? मी लिहिते, पुलाजवळ, वाळलेल्या झाडाखाली.

तुम्ही अख्खी नोकरी पाटाच्या कडेनं सायकल हाणत काढलीत आणि तुमची लेक पाटातच राहायला गेली, याचं तुम्हाला खरं तर हसू यायला हवं होतं. पण मी गोऱ्याशी लग्न केलं आणि तुम्ही फोन बंद केलात. बोटीचं सांगायचं राहूनच गेलं.

इथे चार वाजता अंधारून येतं. दुपारी शेगडीपुढे बसल्या बसल्या डोळा लागतो, आणि आपला पाट दिसतो. पाण्याचं आवर्तन सुटलंय. कोरड्या पाटातून पहिलं पाणी येतंय, पुढे वाळका पाला ढकलत, हळूहळू, आणि तुम्ही मला सायकलच्या नळीवर बसवून पाण्याच्या बरोबरीनं चाललात. पाण्याच्या पुढे जायचं नाही, मागे पडायचं नाही. त्या पाण्यावरून आमची बोट येते. मळ्यातली माणसं हातातलं काम टाकून बघतात. तुम्ही चाक फिरवून पाटाचं दार वर उचलता, आणि बोट सरळ आपल्या शेताच्या चारीत शिरते. चारी दोन हात रुंद, तरी बोट मावते. मी जागी होते तेव्हा शेगडी विझलेली असते.

शेगडीचं काम ह्यांच्याकडे होतं. मला अजून ती रात्रभर पेटती ठेवता येत नाही.

लिहायचं टाळत होते, पण आता लिहिते. तीन ऑक्टोबरला हे गेले. फुप्फुसाचा आजार होता, सहा महिने चालला. मी इतकी वर्षं म्हाताऱ्यांची सेवा करण्याची नोकरी केली, पण घरचं दुखणं मला ओळखता आलं नाही. तुम्हाला कळवलं नाही, कारण तुम्ही म्हणाला असतात की बरं झालं, आणि ते मला सोसलं नसतं. तुम्ही तसं म्हणाला नसतात, हेही मला ठाऊक आहे. माझा राग होता, नाना.

आता कचेरीचं ऐका. इथे राहायची माझी परवानगी ह्यांच्या नावावर होती. नवरा गेला तरी बायकोला राहता येतं, पण लग्न खरं होतं आणि शेवटपर्यंत दोघं एकत्र होतो, हे दाखवावं लागतं. बाकीच्या बायका विजेची बिलं दाखवतात. आमची वीज छपरावरच्या सौर पत्र्यांची, तिचं बिल कोण देणार? मग कचेरीतला साहेब म्हणाला, ओळखीच्या माणसांची पत्रं आणा. बोटींवरच्या सहा जणांनी लिहून दिली. शेजारच्या बोटीतल्या मार्गारेटबाईंनी तर दोन पानं लिहिली. अहोनं माझं इंजिन दुरुस्त केलं, अहो आणि सुकन्या एकमेकांना सोडून कधी जेवले नाहीत, अहोच्या आजारपणात ही पोर वाळून गेली. सहाही पत्रांत अहो.

आईनं सांगून ठेवलं होतं, "नाव घेतलं का नवऱ्याचं आविष्य कमी हुतं, बाई. कागदावं लिव्हायला हरकत न्हाई, त्वांडानं नगं." मी शिकलेली, मला हसू यायचं. पण लग्नाच्या कचेरीत शपथेपुरतं नाव घेतलं, आणि बाहेर पडल्यावर जीभच वळेना. पहिल्या दिवसापासून अहो. ह्यांना ते इतकं आवडलं की कालव्यावर सगळ्यांना तेच नाव सांगत सुटले. मार्गारेटबाई काठावरून "अहोऽऽ" अशी हाक मारायच्या तेव्हा मी लाजून आत जायची. सत्तर वर्षांची बाई माझ्या नवऱ्याला अहो म्हणतेय!

आता फाइलीत लग्न ग्रॅहमशी आणि संसार अहोशी. साहेब तरुण होता, आवाज न चढवता बोलला. हा दुसरा माणूस कोण, म्हणाला. मी समजावलं. त्यानं विचारलं, "चार वर्षं तुम्ही नवऱ्याला एकदाही नावानं हाक मारली नाही? का?" मी म्हटलं, नाव घेतलं तर माणूस मरतो म्हणून. ते त्यानं जसंच्या तसं लिहून घेतलं.

एक मात्र त्याला सांगितलं नाही. शेवटच्या दिवशी दवाखान्यात मी नाव घेतलं. हाकेला ओ देतील म्हणून चार वेळा घेतलं, मोठ्यानं. दुपारी हे गेले. त्यात काही अर्थ नाही, मला कळतं. तरी आईला विचारावंसं वाटतं, आणि आई नाही.

तर मागणं असं. तुम्ही हातानं लिहून द्या की आपल्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, अहो म्हणते. आणि हा माणूस तुमच्या मुलीचा नवरा होता. इंग्रजी मी इथे करून घेईन. दुसरं वाक्य तुम्हाला जड जाईल. पहिल्यावर भागेल असं लिहिणार होते. पण नाही भागणार, कचेरीचंही आणि माझंही.

मला ही बोट सोडायची नाही, नाना. हे आहेत तर इथेच आहेत.

तुमचीच, तुम्ही नाही म्हणालात तरी,
सुकन्या


ता. राहाता, जि. अहिल्यानगर
२९ जानेवारी २०२५

चि. सुकन्या हीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोहोचले. तुझा भाऊ अजिनाथ वाचून दाखवतो म्हणाला, मी दिले नाही. चष्मा लावून मीच वाचले, दोन दिवस लागले.

तुला ठाऊक नाही ते सांगतो. सप्टेंबरात अजिनाथच्या मोबाईलवर परदेशचा फोन आला. त्याने माझ्या हातात दिला. पलीकडून माणूस मराठीत म्हणाला, "नाना, मी अहो बोलतो." मी म्हणालो, "कोन अहो? राँग नंबर हाय." आणि ठेवला. कोण आहे ते मला कळले होते. आठ दिवसांनी पुन्हा आला. पाठ केल्यासारखे बोलला, "सुकन्या चांगली आहे. तिच्याशी बोला." मधे मधे थांबत होता, दम लागत होता. मला वाटले, प्यालाय. मी म्हणालो, "ठेव फोन." त्याने लगेच ठेवला नाही. मग मीच बंद केला.

तुझ्या पत्रातली तारीख आणि मोबाईलमधली तारीख अजिनाथकडून जुळवून घेतली. दुसरा फोन आल्यावर सात दिवसांनी तो गेला. सुकन्या, मी चुकलो.

काल राहात्याला तहसीलला जाऊन आलो. तिथला अर्ज लिहिणारा टाइप करतो म्हणाला, मी नको म्हटले. त्याने मसुदा सांगितला, मी हाताने लिहिले. मधे त्याने विचारले, "बाबा, मयताचं नि तुमचं नातं काय?" तिथे माणसे बसली होती, ओळखीची होती. मी मोठ्याने सांगितले. सोबत कागद जोडला आहे.

नाव घेतल्याने माणूस जात नाही, आणि थांबतही नाही. तुझ्या आईच्या शेवटाला मीही तिला नावाने पुष्कळ हाका मारल्या होत्या.

नाना

(सोबतचा कागद)

लिहून देतो की, आमच्याकडे बायको नवऱ्याचे नाव घेत नाही, त्यास अहो म्हणते. माझी मयत पत्नी साळूबाई मला एकेचाळीस वर्षे अहो म्हणत होती. सदर अहो म्हणजेच ग्रॅहम, हा माझी मुलगी सुकन्या हिचा नवरा होता. त्याने मला दोन वेळा फोन केला व मुलीची काळजी कळवली. मी बोललो नाही. हा दोष माझा आहे, त्या दोघांचा नाही. वरील मजकूर खरा आहे.

सही : पुंजाराम सखाहरी कोळगे
मयताशी नाते : सासरा